प्रकल्प नोंदी: बोअरच्या केबलीत हरवलेले अकरा व्होल्ट

१ फेब्रुवारी

आधी जागेवर काय आहे ते लिहून ठेवतो. चोपडा तालुक्यातलं शेत, खालच्या अंगाला केळी, वरती हरभरा. बोअरमध्ये पाच एचपीची थ्रीफेज सबमर्सिबल. डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ, मेन स्विचची पेटी, तिथून बांधाच्या कडेकडेने जमिनीतून केबल शेडपर्यंत येते, शेडमध्ये स्टार्टर आणि तिथून पुढे चपटी केबल बोअरमध्ये उतरते. पेटी ते शेड टेप लावून मोजलं, २९५ मीटर भरलं. ही केबल ॲल्युमिनियमची, तीन कोर, ६ स्क्वेअर एमएम. बोअरमधली तांब्याची, ४ स्क्वेअर एमएम, साधारण ८५ मीटर.

तक्रार अशी की मोटर दोन-अडीच तास बरी चालते आणि मग ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) पडतो. थंड झाला की रिसेट होतो, परत तेच. थ्रीफेज रात्रीची असली की कोणीतरी उठून बॅटरी घेऊन केळीतून शेडपर्यंत जायचं, आणि आमच्याकडे केळीत रात्री डुकरं असतात त्यामुळे हे काम कोणालाच नको असतं.

मोठ्या काकांचं, म्हणजे अप्पांचं, एकच म्हणणं: "मोटर जळी जाई त्यान्या पहिले काढी ले." काढायची म्हणजे चेनपुली, चार माणसं, पाइप उतरवणं, आणि रिवायंडिंगचे पैसे वेगळे. मी म्हटलं थांबा, आधी मोजू, मोटर खराब आहे की मोटरीपर्यंत वीजच नीट पोचत नाही हे तरी कळू दे. गावात दुसरा सल्ला फुकट मिळतो तो म्हणजे रिलेचं सेटिंग वाढवून टाक. त्याने रिले पडायचा थांबतो हे खरं आहे, फक्त मग मोटर जळते.

२ फेब्रुवारी

आज दिवसाची थ्रीफेज होती. वायरमन भाऊ सोबत (लायसनवाले, चालू लाइनवर मी एकटा मीटर लावत नाही, कोणी लावूही नये). पेटीपाशी एक मीटर, शेडमध्ये दुसरं, फोनवर बोलत एकाच वेळी रीडिंग घेतले. एकाच वेळी घेणं महत्त्वाचं, कारण आजूबाजूच्या मोटरी चालू-बंद होतात तसं डीपीवरचं व्होल्टेज सारखं वरखाली होत असतं, अर्ध्या तासाने दुसऱ्या टोकाला जाऊन घेतलेलं रीडिंग पहिल्याशी जुळवण्यात काही अर्थ नाही.

तीन फेज म्हणजे लाल, पिवळा, निळा, व्होल्ट दोन-दोनच्या जोडीत मोजतात. मोटर चालू असताना पेटीवर लाल-पिवळा ३९५, पिवळा-निळा ३९४, निळा-लाल ३९६ व्होल्ट. त्याच क्षणी स्टार्टरच्या आत येणाऱ्या बाजूला ३६३, ३६९, ३७५. क्लॅम्प मीटरवर करंट लाल ११.२, पिवळा ९.६, निळा १०.८ अँपिअर.

म्हणजे केबलीत पडलेले व्होल्ट: ३२, २५, २१.

मोटर बंद केली की दोन्ही टोकांना आकडे सारखेच दिसतात. करंट नाही तर ड्रॉप नाही. म्हणूनच "स्टार्टरवर पूर्ण व्होल्टेज येतंय, बघितलं मी" असं जो कोणी म्हणतो त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा की भाऊ, मोटर चालू होती का बंद.

आता हिशोब. ॲल्युमिनियमचा एक मीटर लांब, एक स्क्वेअर एमएम जाड तुकडा म्हणजे साधारण ०.०२८ ओहम. २९५ मीटर गुणिले ०.०२८ भागिले ६ बरोबर १.३८ ओहम एका कोरचा, हा वीस डिग्रीला. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.४ टक्के वाढतो, जमिनीत सध्या पंचवीसच्या आसपास धरू, म्हणजे १.४०. थ्रीफेजचा ड्रॉप काढायला १.७३२ गुणिले करंट गुणिले रेझिस्टन्स गुणिले पॉवर फॅक्टर (करंट व्होल्टेजच्या किती मागे आहे त्यावरून येणारा आकडा), मोटरीच्या प्लेटवर ०.८० लिहिलंय, सरासरी करंट १०.५ धरला तर २०.४ व्होल्ट यायला पाहिजे.

निळा-लाल जोडीला २१ आलेत, म्हणजे तिथे सगळं ठीक. लाल-पिवळ्यात मात्र ११ व्होल्ट जास्तीचे गेलेत आणि पिवळा-निळ्यात ४. दोन्हीत कॉमन कोण तर पिवळा. (एकाच वायरचा दोष एका जोडीत ११ आणि दुसरीत ४ का दिसतो, तर तिन्ही फेज एकाच वेळी माथ्यावर नसतात आणि करंट व्होल्टेजच्या मागे असतो, त्यामुळे एका जोडीत तो जवळजवळ पूर्ण वजा होतो, दुसरीत थोडाच. फेजरचं चित्र काढलं की दिसतं, इथे काढत बसत नाही.)

११ व्होल्ट भागिले ९.६ अँपिअर म्हणजे १.१५ ओहम. इतका जास्तीचा रेझिस्टन्स पिवळ्या कोरमध्ये कुठेतरी बसलाय. हा कागदावरचा अंदाज, खणायच्या आधी लिहून ठेवतोय.

रिले का पडतो तेही यातच आलं. व्होल्टेज तिन्ही जोड्यांत सरासरी ३६९, त्यापासून जास्तीत जास्त फरक ६, म्हणजे जेमतेम दीड टक्क्याच्या वर. पण मोटरीची खोड अशी की व्होल्टेजमध्ये थोडाच असमतोल आला तरी करंटमध्ये तो कित्येक पट होऊन दिसतो. इथे बघा, करंटची सरासरी १०.५ आणि पिवळा ९.६, जवळपास नऊ टक्के फरक. पिवळा कमी ओढतोय त्याची भरपाई लाल करतोय, रिले १०.५ वर सेट आहे, लाल ११.२ वर चाललाय, संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी लागल्या की पेटीवरच ३७० उरतात आणि करंट अजून चढतो. रिले त्याचं काम बरोबर करतोय.

३ फेब्रुवारी

पिवळ्यात १.१५ ओहम जास्ती आहे तर मल्टिमीटरच्या ओहम सेटिंगवर दिसेल ना, असं वायरमन भाऊंनी विचारलं. प्रश्न योग्यच. फक्त मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावल्या तरी आमच्या मीटरवर ०.३ ओहम येतात, पिना जोरात दाबल्या तर ०.२, हलक्या धरल्या तर ०.६. मोजायची गोष्ट एक-दीड ओहमची आणि मीटरचीच गडबड अर्ध्या ओहमपर्यंत. त्याहून मोठी अडचण अशी की ओहम सेटिंगवर मीटर बारीकसाच करंट सोडतं, मिलिअँपिअरमध्ये. गंजलेला जोड एवढ्याशा करंटला आपलं खरं वागणं दाखवेलच असं नाही, कधी जास्त दाखवतो, कधी चक्क चांगला दाखवतो, दर वेळी वेगळं.

त्यामुळे रेझिस्टन्स मोजायचाच नाही. करंट सोडायचा, चांगला दोन-तीन अँपिअर, त्या तुकड्यावर किती व्होल्ट पडतात ते बघायचं आणि भागायचं. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे त्या तुकड्यात होणारी उष्णता, वॅटमध्ये. दोनच रीडिंग आणि दोन्ही उत्तरं त्यातूनच.

यात एक फायदा असा की व्होल्टमीटरच्या पिनांचा ०.३ ओहम मध्ये येत नाही, कारण व्होल्टमीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही, आतला रेझिस्टन्स दहा मेगाओहम असतो. अट एकच: करंट आत सोडणारे चिमटे वेगळे आणि व्होल्ट बघणाऱ्या पिना वेगळ्या, आणि पिना चिमट्यांच्या आतल्या बाजूला, थेट वायरवर.

करंट कुठून आणायचा तर ट्रॅक्टरची बॅटरी. थेट लावली तर किती जाईल याचा नेम नाही म्हणून मध्ये हेडलाइटचा हॅलोजन बल्ब, १२ व्होल्ट, ५५ वॅटची फिलॅमेंट. बल्ब मध्ये असला की शॉर्ट झालं तरी साडेचार-पाच अँपिअरच्या वर जात नाही आणि करंट चाललाय हे लांबूनही दिसतं.

बल्बवरून पुतणीचा (दहावीला आहे) आणि माझा संध्याकाळी अर्धा तास गेला. ५५ भागिले १२ म्हणजे ४.५८ अँपिअर, १२ भागिले ४.५८ म्हणजे २.६ ओहम. तिने मीटर ओहमवर लावून बल्ब मोजला, पिनांचे ०.३ वजा केले तर उरले ०.२. "काका, तुमचा बल्ब नाहीतर मीटर, एक काहीतरी खोटं बोलतंय." कोणीच खोटं बोलत नाहीये. फिलॅमेंट टंगस्टनची, पेटल्यावर अडीच हजार डिग्रीच्या वर जाते, थंड असताना जो रेझिस्टन्स असतो त्याच्या बारा-चौदा पट होतो. शाळेत ओहमचा नियम शिकवताना "तापमान कायम असताना" हे शब्द घाईत वाचून टाकतात, बल्बात नेमकं तेच शब्द कामाचे आहेत. मग तिला एका ड्राय सेलवर १० ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून थंड बल्बावर मोजायला लावलं: ०.१४ अँपिअर, २८ मिलिव्होल्ट, भागाकार ०.२. भागाकाराने थंड बल्ब थंडच दाखवला, फक्त मीटरच्या पिना मध्ये आल्या नाहीत.

५ फेब्रुवारी

काल मोकळा वेळ नव्हता, केळीची कापणी होती, गाडी भरायची होती.

आज मुख्य टेस्ट. पेटीतला मेन स्विच बंद, फ्यूज तिन्ही काढून वायरमन भाऊंच्या खिशात (खिशातच, पेटीवर ठेवले तर कोणीतरी भला माणूस "फ्यूज निघालेले दिसले म्हणून बसवून टाकले" असं करतो). टेस्टरने आणि टेस्ट लॅम्पने दोन्ही बघितलं. केबलची दोन्ही टोकं सोडवली. पेटीकडच्या टोकाला तिन्ही कोर घासून एका बोल्टमध्ये एकत्र आवळले. शेडकडच्या टोकाला बॅटरीचा प्लस, बल्ब, अँपिअरमीटर, एक कोर, आणि दुसऱ्या कोरमधून परत बॅटरीला. म्हणजे करंट एका कोरने २९५ मीटर जातो आणि दुसऱ्याने परत येतो.

दोन मीटर एकदम लागतात, एक व्होल्टला, एक अँपिअरला. बॅटरी हळूहळू उतरत असते, बल्ब गरम होत असतो, आकडे थोडे सरकत राहतात, पण दोन्ही एकाच क्षणी टिपले तर भागाकार सरकत नाही. स्वतः ओहमलाही हाच त्रास झाला होता, त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज टिकायचंच नाही, म्हणून १८२६ च्या प्रयोगात त्याने बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथची थर्मोकपल वापरली, एक सांधा उकळत्या पाण्यात, एक बर्फात. त्याच्याकडे दोन डिजिटल मीटर असते तर एवढं करावं लागलं नसतं.

रीडिंग:
लाल आणि निळा: ७.६७ व्होल्ट, २.७५ अँपिअर, भागाकार २.७९ ओहम.
लाल आणि पिवळा: ९.०६ व्होल्ट, २.२७ अँपिअर, ३.९९ ओहम.
पिवळा आणि निळा: ९.०४ व्होल्ट, २.२६ अँपिअर, ४.०० ओहम.

तीन जोड्या, तीन अनोळखी आकडे. पिवळा हवा असेल तर पिवळा असलेल्या दोन जोड्यांची बेरीज करायची, त्यातून पिवळा नसलेली जोडी वजा करायची आणि अर्धं करायचं: ३.९९ अधिक ४.०० वजा २.७९, भागिले दोन, बरोबर २.६०. तसंच लाल १.३९, निळा १.४०. हिशोबाने १.४० यायला हवा होता, लाल-निळा दोन्ही तिथेच आले, म्हणजे केबल खरोखर ६ स्क्वेअर एमएमची आहे (हेही एक तपासून झालं, बाजारात ६ म्हणून ५ देणारे आहेत). पिवळ्यात १.२० जास्ती. परवा चालू मोटरीवरून काढलेला अंदाज १.१५ होता.

या सगळ्या वेळात बल्ब नारिंगी मिणमिणत होता. अप्पा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "बल्ब लागना ना, मंग वायर बरी शे. इतलं काय मोजी राह्यना?" टेस्ट लॅम्प लावून "पॉवर येतेय" म्हणणाऱ्या सगळ्यांचं हेच असतं. वायर तुटलेली नाही एवढंच बल्ब सांगतो. ती किती ओढून धरतेय हे सांगायला आकडाच लागतो.

बल्बचाही हिशोब सहज निघाला. बॅटरी लोडवर १२.४, पहिल्या जोडीत केबलीवर ७.६७ गेले तर बल्बवर ४.७३ उरले, भागिले २.७५ म्हणजे १.७ ओहम. दुसऱ्या जोडीत बल्बवर ३.३४ आणि २.२७, म्हणजे १.५ च्या खाली. बल्ब जितका मंद तितका थंड तितका रेझिस्टन्स कमी. पुतणीने वहीत ०.२, १.५, १.७, २.६ असे चार ठिपके टाकून रेघ ओढलीय, सरळ आली नाही म्हणून खूश आहे.

सोबत बोअरकडची बाजूही मोजली, स्टार्टरच्या खालून चपटी केबल आणि मोटरीचं वायंडिंग मिळून. तिन्ही जोड्या ९.३१ व्होल्टला २.१९ अँपिअर, म्हणजे ४.२५ ओहम, शेवटच्या आकड्यातच काय तो फरक. त्यातून चपटी केबल वजा: तांबं ०.०१७२ गुणिले ८५ भागिले ४, जाऊन-येऊन ०.७३. वायंडिंग दोन टोकांत ३.५ च्या आसपास आणि तिन्ही जोड्या समान. मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरनेही, ते चांगलं दाखवलं. मोटर काढायची गरज नाही, हे आजच सांगून टाकलं घरी.

एक सूचना जो कोणी हे करेल त्याच्यासाठी: वायंडिंगमधून बॅटरीचा करंट सोडल्यावर चिमटा हाताने झटकन काढायचा नाही. कॉइल आहे, करंट एकदम तोडला की ती उलटा झटका देते, ठिणगी उडते आणि बोट उघड्या वायरवर असेल तर चांगला दणका बसतो. मध्ये स्विच घाला, आणि व्होल्टमीटर आधी काढा, मग स्विच बंद करा.

आणि वायंडिंगचे हे ३.५ ओहम घेऊन मोटरीचा करंट काढायला जाऊ नका. व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स केलं तर शंभरच्या वर अँपिअर येतात. चालू मोटरीत वायंडिंग हे नुसतं रेझिस्टन्स नसतं, फिरताना ती उलट व्होल्टेज तयार करते, करंट त्यावर ठरतो. म्हणून मोटरीची पॉवर १.७३२ गुणिले ३६९ गुणिले १०.५ गुणिले ०.८, साधारण ५३७० वॅट आत. बाहेर शाफ्टला पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट. सत्तर टक्क्यांच्या जवळपास, सबमर्सिबलला ठीकच म्हणायचं.

६ फेब्रुवारी

पिवळ्यात दोष आहे हे ठरलं, २९५ मीटरमध्ये कुठे ते शोधायचं. सगळी केबल उकरायची नाही. अप्पांना आठवत होतं की दोन ठिकाणी जोड आहेत, एक कडुनिंबाजवळ, केबल घेताना दोन तुकडे जोडले तो, आणि एक पाटचारीच्या मोरीशेजारी, तिथे नांगरटीत केबल सापडली होती.

जोड उघडे केले, पट्टी सोडली, कालचाच बॅटरी-बल्बचा करंट पिवळा-निळ्यातून २.२६ अँपिअर चालू ठेवला आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे पिना टोचून मिलिव्होल्टवर बघितलं. कडुनिंबाचा जोड: पिवळा १२ मिलिव्होल्ट, निळा ८. भागाकार पाच मिलिओहम आणि साडेतीन मिलिओहम. उत्तम. ज्याने केला त्याने फेरूल (दोन्ही टोकं आत घालून दाबायची नळी) घालून केलाय.

मोरीशेजारचा: निळा ११ मिलिव्होल्ट. पिवळ्यावर मीटर मिलिव्होल्टच्या रेंजमध्ये मावेचना, व्होल्टवर घेतलं, २.६८.

२.६८ भागिले २.२६ म्हणजे १.१९ ओहम. शोधत होतो तो सगळा आकडा या एका हातभर जागेत.

उकरून नीट बघितलं तर कळलं. नांगरात पिवळा कोर तुटून कमी पडला असणार, कोणीतरी मध्ये हातभर तांब्याची वायर घातलीय, दोन्ही बाजूंना नुसता पीळ आणि वर काळी टेप. एक पीळ ०.४१ व्होल्ट, दुसरा २.२७. दुसरा म्हणजे एक ओहम पूर्ण. मोरीतून झिरपणारं पाणी त्याच बाजूला. टेप वितळून कडक झालेली, आत पांढरी भुकटी.

ॲल्युमिनियमवर हवेत आल्या आल्या ऑक्साइडचा थर येतो, तो वीज वाहत नाही. त्यात तांबं आणि ॲल्युमिनियम ओलीत एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. जोड ढिला होतो, तापतो, तापून फुगतो, थंड होऊन अजून ढिला होतो, रेझिस्टन्स वाढतो, म्हणून आणखी तापतो. किती तापतो ते करंटच्या वर्गावर, हे ज्यूलने १८४० च्या सुमारास दाखवलं: मोटर चालू असताना ९.६ चा वर्ग ९२, गुणिले १.१९, बरोबर ११० वॅट. माझा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे आणि त्याने शिसं वितळतं. अप्पांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते उठून जोडाजवळ आले.

७ फेब्रुवारी

सामान आणायला चोपड्याला. ॲल्युमिनियमचे ६ स्क्वेअर एमएमचे फेरूल, ऑक्साइडविरोधी पेस्टची ट्यूब, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. क्रिम्पिंगचा प्लायर वायरमन भाऊंकडे आहे, हातोडीने ठोकून केलेलं क्रिम्प चालत नाही. दुकानदाराने आपणहून तांब्याचे फेरूल काढून दिले होते, "चालतात सगळीकडे" म्हणे. परत दिले.

पुतणीने दरम्यान केबलीत किती पॉवर जाते ते काढून बघितलं. व्ही वर्ग भागिले आर घेतलं, ३७५ चा वर्ग भागिले १.३९, उत्तर एक लाख वॅट. "मग केबल वितळली कशी नाही?" सूत्र तिन्ही बरोबर आहेत, व्ही गुणिले आय, आय वर्ग गुणिले आर, व्ही वर्ग भागिले आर, पण व्ही म्हणजे त्या तुकड्याच्या दोन टोकांतलं व्होल्टेज. ३७५ हे दोन फेजमधलं आहे, केबलीच्या एका कोरच्या दोन टोकांत तेरा-पंधरा व्होल्टच पडतात. हे एवढं एक डोक्यात बसलं की सूत्रं पाठ करायची गरजच नाही. आय वर्ग आर मात्र अशा ठिकाणी सगळ्यात सोपं, कारण एका लाइनमध्ये करंट सगळीकडे सारखाच असतो, कुठे मोजला याची भानगड नाही.

तिने परत काढलं: लाल १७४, पिवळा १२८ अधिक जोडाचे ११०, निळा १६३. एकूण ५७५ वॅट जमिनीत.

८ फेब्रुवारी

जोड कापून टाकला, दोन्ही बाजूंनी खराब झालेलं ॲल्युमिनियम चमक दिसेपर्यंत मागे कापलं. तिन्ही कोरमध्ये त्याच केबलचे शिल्लक तुकडे घातले, निळा-लाल चांगले होते तरी एकदा उघडलंच आहे तर करून घेतले. पेस्ट लावून तिच्याखालीच ब्रशने घासायचं, म्हणजे ऑक्साइड निघतो आणि परत हवा लागत नाही. तिन्ही जोड एका रेषेत येऊ दिले नाहीत, मागेपुढे ठेवले, वर स्लीव्ह, आणि सगळं मोरीपासून दूर उंचवट्यावर घेतलं.

पुरायच्या आधी परत बॅटरी. २.७५ अँपिअरला पिवळ्याच्या प्रत्येक नव्या क्रिम्पवर ८ मिलिव्होल्ट. २.९ मिलिओहम. मोटरीच्या करंटला साधारण ०.३ वॅट, म्हणजे काहीच नाही. तिन्ही जोड्या २.७९, २.८०, २.७९.

मग पुरलं. वर विटा आणि पिवळी पट्टी टाकली, पुढच्या नांगरटीला दिसावी म्हणून.

९ फेब्रुवारी

फ्यूज बसवले, मोटर चालू. पेटीवर ३९५, ३९४, ३९६, योगायोगाने २ तारखेसारखेच. स्टार्टरवर ३७५, ३७४, ३७५. करंट १०.५, १०.३, १०.४. ड्रॉप वीस-एकवीस, हिशोबाने १.७३२ गुणिले १०.४ गुणिले १.३९ गुणिले ०.८ बरोबर वीस. सकाळी लावली ती थ्रीफेज जाईपर्यंत चालली, रिले पडला नाही. अप्पा म्हणाले पाण्याची धारही जरा जास्त वाटतेय. ते मी मोजलेलं नाही म्हणून लिहीत नाही, म्हणजे लिहिलंच.

आता वायरमन भाऊंचं म्हणणं १० स्क्वेअर एमएमची केबल टाकून मोकळं व्हा. काढून बघितलं. १० ची ॲल्युमिनियम केबल किलोमीटरला ३.०८ ओहम, आपल्या लांबीला गरम धरून ०.९३. सध्या तीन कोर मिळून ३ गुणिले १०८ गुणिले १.३९, म्हणजे ४५० वॅट जातात. १० ला ३०० जातील. वाचले १५० वॅट, आठ तासांचे सव्वा युनिट. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्याने बिल माफ केलंय, त्यामुळे हे सव्वा युनिट आपल्या खिशातून जात नाही, आणि २९५ मीटर केबलचे पैसे मात्र आपल्याच खिशातून. व्होल्टेजमध्ये फायदा सहा-सात व्होल्टचा. माझं मत, आत्ता नको. संध्याकाळी पेटीवरच ३७० येतात तो प्रश्न डीपीच्या मागचा आहे, आपल्या केबलीने सुटत नाही. उद्या साडेसातची मोटर टाकायची ठरली तर करंट दीडपट, नुकसान सव्वादोन पट, तेव्हा १० घ्यावीच लागेल, तेव्हा बघू.

मे महिन्यात परत मोजणार. आमच्याकडे चव्वेचाळीस-पंचेचाळीस जातं, केबल फार खोल नाही, माती चाळीसपर्यंत धरली तर रेझिस्टन्स सहा टक्के वाढून १.४७, ड्रॉप एकवीसच्या थोडा वर. याहून जास्त आला तर परत कुठेतरी जोड बिघडतोय असं समजायचं.

१२ फेब्रुवारी

बॅटरी-बल्ब बाहेर काढलेलाच होता म्हणून स्टार्टरही तपासला. सप्लाय तोडून, फ्यूज खिशात, कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटरीला वीज जोडणारा स्विच) लाकडी पट्टीने दाबून धरला आणि त्याच्या एकेका पोलमधून, म्हणजे एकेका फेजच्या कॉन्टॅक्टमधून, करंट सोडला. पोल सोडून काही मध्ये नाही त्यामुळे बल्ब पूर्ण पेटला, ४.६ अँपिअर. लाल २० मिलिव्होल्ट, पिवळा २५, निळा १६०. निळा म्हणजे ३५ मिलिओहम, चालू मोटरीला जवळपास चार वॅट, बंद पेटीत, प्लॅस्टिकला चिकटून. आज बिघडलेला नाही पण त्याच रस्त्याने निघालाय. कॉन्टॅक्ट काढून बघितले, निळ्याचा एक खड्डा पडून काळा झालेला. घासून उपयोग नाही, वरचा चांदीचा थर निघून जातो. कॉन्टॅक्ट किट सांगून ठेवलंय, शुक्रवारी येईल, तोवर मोटर चालवताना दोन तासांनी पेटीला बाहेरून हात लावून बघायचा असं अप्पांना सांगितलंय.

शेजारच्या शेतातले भाऊ पण विचारून गेले, त्यांची साडेसातची आहे, केबल चारशे मीटर आणि जोड किती ते कोणालाच माहीत नाही. बल्ब ५५ चाच नेईन, बॅटरी त्यांची. त्यांना म्हटलं आधी मोटर चालू असताना तिन्ही जोड्यांचे व्होल्ट आणि तिन्ही करंट वायरमनकडून लिहून आणा, मग खोदायला कुठे सुरुवात करायची ते ठरवू.